तिसरा मजला, खाली गिरणी

कंपनीनं कागदावर लिहून दिलं होतं :
गंगापूर रोड, लिफ्ट, जनरेटर, कमोड,
आणि शेजार चांगला.
शेजार कसा मोजायचा ते कागदात नव्हतं.
एकवीस वर्षं मी नाशकात घरं दाखवते,
मलाही येत नाही.

नाव यार्मिला. ब्रनोच्या पलीकडचं कुठलंसं गाव.
सातपूरच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेली.
उंची अशी, की माझ्या स्कूटीवर मागं बसली
तर गुडघे शेजारच्या रिक्षात.

पहिल्या घरात झुंबर होतं.
मालकीणबाईंनी मला हळूच विचारलं, एकटीच का हो?
दुसरं कासलीवालांचं. अंडं नाही, कांदा नाही,
रात्री दहानंतर पाहुणा नाही.
ती म्हणाली, पाहुणा कुठून आणू,
इथे मला कोण ओळखतं?
याचं भाषांतर मी केलं नाही.

पाथर्डी फाट्याला सातव्या मजल्यावरून
पांडवलेणी अख्खी दिसत होती.
नळाला मात्र नुसती फुसफुस.
बिल्डरचा पोरगा म्हणाला, टँकर येतो ना रोज.
तिनं नळाला कान लावला,
आणि माझ्याकडे बघून मान हलवली.
तेव्हा ती मला पहिल्यांदा आवडली.
पंचवटीत जागा बघायला लक्ष्मणाला धाडलं
तेव्हाही सांगितलं होतं, आधी पाणी बघ.
डिपॉझिटचं बोलणं झाल्याचं ऐकिवात नाही.

सहाव्या दिवशी, कंटाळून, यादीबाहेरचं दाखवलं.
मखमलाबाद नाका. तिसरा मजला, लिफ्ट नाही,
खाली तिदमेंची गिरणी.
ही जागा जातच नाही. सकाळी सातपासून घरघर,
खिडकीच्या जाळीवर पिठाची साय.
मी जिन्यातच माफी मागून ठेवली.
ती गॅलरीत उभी राहिली, डोळे मिटून.
मला वाटलं, रडते की काय.
परक्या गावात सहावा दिवस वाईटच असतो.
डोळे उघडून म्हणाली,
बेअरिंग गेलंय. डावीकडचं.

आणि उतरली की खाली.
तिदमेंनी स्विच पाडला. बाया डबे टेकवून थांबल्या.
तासाभरानं कोपरापर्यंत पांढरी,
हनुवटीला ग्रीस, अशी ती म्हणाली,
हेच घर.
मोरी अजून बघितलीही नव्हती.

करार अकरा महिन्यांचा.
पोलीस ठाण्यात फॉर्म, फोटो, पुन्हा फॉर्म,
चौकोनात न मावणारं आडनाव.
सोसायटीच्या वहीत दशपुत्रे काकांनी
दोनदा ऐकून घेतलं आणि लिहिलं : उर्मिला.
मी दुरुस्त करणार होते.
राहू दिलं.
ती उर्मिला तिकडे अयोध्येत, चौदा वर्षं,
आणि तिचा नवरा इथे गोदेकाठी
भावासाठी कुडाच्या भिंती घालत होता.
तिला कुणी विचारलंच नाही,
दार कुठल्या दिशेला हवं.

सगळं सुरळीत आहे असं नाही.
दूधवाल्याला ती सकाळी शुभ रात्री म्हणते.
डिसेंबरात फोन आला, घरातला हीटर कुठे असतो?
म्हटलं, बाई, आमच्याकडे स्वेटर असतो.
बर्फातली बाई, नाशिकच्या थंडीनं शिंकत होती.
रविवारी मात्र फोन येत नाही,
ते मला बरं वाटत नाही.

परवा मुद्दाम दळण घेऊन नाक्यापर्यंत गेले.
फळीवर डब्यांची रांग, खडूनं नावं.
बेंडकुळे, गहू. शेवाळे, हरभरा डाळ.
मध्ये एक निळा बिस्किटांचा डबा,
त्यावर बर्फात बुडालेलं चर्च, परकी अक्षरं,
आणि तिदमेंच्या हातचं :
उर्मिला. ज्वारी. अर्धी जाड, अर्धी बारीक.

असं का हो, मी विचारलं.
तिदमे पट्टा चढवत म्हणाले,
भाकरी तुटते तिची.
का तुटते, ते शोधतेय.